बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये नक्की काय भरायचं? लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

न्यू मेक्सिकोत राटन गावाजवळ व्हिटिंग्टन सेंटर नावाची प्रचंड मोठी रेंज आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ६,६०० फुटांवर. ह्युस्टनहून, म्हणजे जवळजवळ समुद्रकाठाहून, दिवसभर गाडी चालवून मी तिथे पहिल्यांदा गेलो. हजार यार्डांवरच्या पत्र्यासाठी, म्हणजे लोखंडी निशाणासाठी, स्कोप किती फिरवायचा हे काढून देणाऱ्या फोनवरच्या बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर अ‍ॅपने ८.७ मिल सांगितलं. मिल हे स्कोप फिरवण्याचं, कोनाचं माप. स्कोपची चकती तेवढी फिरवली, श्वास सोडला, ट्रिगर दाबला. पत्र्याच्या बऱ्याच वर, मागच्या उतारावर धूळ उडाली. दुसरी गोळीही तिथेच. शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसलेले वयस्क गृहस्थ म्हणाले, "जवळजवळ एक यार्ड वर जातेय." रायफल तीच, काडतुसं त्याच खोक्यातली, ह्युस्टनला सगळं जुळलेलं. चूक एका चौकटीत होती. हवेच्या दाबाच्या जागी मी फोनच्या हवामान अ‍ॅपमधला आकडा उतरवला होता.

त्यानंतर प्रत्येक चौकट मला नेमकं काय विचारते आहे, हे मी एकेक करून शिकलो. गेल्या महिन्यात डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला, "मामा, अ‍ॅप चुकीचं सांगतंय." तेव्हा ठरवलं की हे सगळं मराठीत नीट लिहून ठेवायचं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये राहणारी आपली बरीच मंडळी आता ४००-५०० यार्डांच्या पुढे नेम धरायला लागली आहेत, आणि पहिली अडचण सगळ्यांना इथेच येते.

भारतात नेमबाजी करून आलेल्यांना हे प्रकरण नवं वाटेल, कारण तिथे त्याची गरजच पडत नाही. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात अंतर ठरलेलं असतं, ५० मीटर. एकदा साइट बसवली की उरतं ते शरीर, श्वास आणि वारा. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत मात्र अंतर, उंची, तापमान हे सगळंच बदलत राहतं, म्हणून गणित लागतं.

खालचे आकडे एकाच उदाहरणाचे आहेत: ६.५ क्रीडमूर (हा काडतुसाचा प्रकार), १४० ग्रेन (हे गोळीचं वजन) हॉर्नडी ईएलडी मॅच गोळी, वेग २,७१० फूट प्रति सेकंद, झिरो (ज्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी जुळवलेले असतात ते) १०० यार्ड, स्कोपची उंची २ इंच. तुमची रायफल वेगळी असेल तर आकडे बदलतील, पण कुठली चूक किती महागात पडते याचा अंदाज तोच राहील.

आधी कागदपत्रं, मग सामान

एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर आधी कायदा बघा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्यक्तींना बंदूक आणि काडतुसं, दोन्ही बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राने सांगितलं म्हणून चालेल, असं समजू नका. वकिलाला विचारा, कारण इथली चूक व्हिसावर बेतते. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही, पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात.

जवळ ठेवायचे कागद:
- ओळखपत्र, ग्रीनकार्ड किंवा व्हिसाची कागदपत्रं, लागू असेल तर शिकारीचा परवाना
- रेंजचं सभासदपत्र, आणि रेंजने सुरक्षा प्रशिक्षण दिलं असेल तर त्याचा दाखला
- काडतुसांच्या खोक्यावरचं लेबल. खोकं फेकू नका. लॉट नंबर त्यावरच असतो

सामान:
- क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र (शक्यतो रडारवाला, स्वतःचा नसला तर रेंजवर कुणाकडे तरी असतोच)
- केस्ट्रेलसारखं हातात धरायचं हवामापक
- लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायला)
- व्हर्नियर कॅलिपर, मोजपट्टी, ओळंबा
- वही आणि पेन्सिल
- अ‍ॅप. हॉर्नडीचं ४डीओएफ, अप्लाइड बॅलिस्टिक्स, किंवा जेबीएमचं संकेतस्थळ. सुरुवातीला एकच निवडा. तीन अ‍ॅपांत तीच चुकीची माहिती भरली तर तिन्हीकडून चुकीचंच उत्तर मिळतं

कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण मी यादीत धरलेलं नाही, कारण त्याशिवाय रेंजवर पाऊल टाकायचंच नसतं.

१. सगळ्यात आधी एककं

आपण सेल्सियस, किलोमीटर आणि मीटरमध्ये वाढलो. अ‍ॅप उघडतं ते फॅरनहाइट, मैल आणि यार्डांत. बाहेर ३० अंश सेल्सियस आहे म्हणून फॅरनहाइटच्या चौकटीत ३० भरलं तर अ‍ॅपच्या दृष्टीने पाणी गोठायला लागलंय, आणि हजार यार्डांवर गोळी फूटभर तरी वर जाते. ताशी १६ किलोमीटरचा वारा म्हणजे ताशी १० मैल. १६ तसंच भरलंत तर वाऱ्याची दुरुस्ती दीडपटीपेक्षा जास्त होईल. १,००० मीटर म्हणजे १,०९४ यार्ड. इथली गल्लत तर गोळी थेट मातीत घालते.

स्कोपचं एककही इथेच ठरवा. टरेटवर, म्हणजे स्कोप फिरवायच्या चकतीवर, काय लिहिलंय ते वाचा. ०.१ मिलच्या एका क्लिकने १०० यार्डांवर गोळी ०.३६ इंच सरकते, पाव एमओएच्या (हे मिलसारखंच कोनाचं दुसरं माप) क्लिकने ०.२६ इंच. खरा एमओए १०० यार्डांवर १.०४७ इंचांचा. काही अ‍ॅपांमध्ये बरोबर एक इंचाचा एमओएसुद्धा पर्याय म्हणून असतो. चुकून तो निवडला गेला तर ३० एमओएच्या दुरुस्तीत हजार यार्डांवर १४ इंचांचा घोटाळा होतो. रेटिकल (स्कोपमधून दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये असे जुने स्कोप अजून बाजारात आहेत. नवशिक्याने ते घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. रायफलची मापं

स्कोपची उंची म्हणजे नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतचं अंतर. बरेच जण इथे अ‍ॅपने आधीच भरून ठेवलेला १.५ इंच तसाच ठेवतात. पाच मिनिटांचं काम आहे, मोजाच. आधी बोल्ट उघडून चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करा. मग स्कोपच्या नळीची खालची कड आणि रायफलच्या नळीची वरची कड यांतली फट मोजा. तिच्यात स्कोपच्या नळीची अर्धी जाडी आणि त्याच जागची रायफलच्या नळीची अर्धी जाडी मिळवा. माझ्याकडे फट १८ मिलिमीटर, स्कोपची नळी ३४ ची म्हणजे अर्धी १७, आणि रायफलची नळी त्या जागी साडेतीसच्या आसपास, म्हणजे अर्धी सव्वापंधरा. बेरीज सव्वापन्नास मिलिमीटर, अर्थात दोन इंच. १०० यार्डांवर झिरो असताना इथली अर्ध्या इंचाची चूक हजार यार्डांवर साडेचार इंच होते.

ट्विस्ट म्हणजे नळीतल्या पेचाचा एक पूर्ण वेढा किती इंचांत होतो ते. ६.५ क्रीडमूरमध्ये बहुतेक वेळा १:८. उजवा की डावा हेही भरा. बहुतेक नळ्या उजव्या पेचाच्या असतात.

३. झिरो

तीन गोळ्या मारून झिरो झालं असं समजू नका. दहा मारा आणि त्या दहांचा मध्य शोधा. तो मध्य अर्धा इंच वर असेल तर तेच अर्ध्या इंचाचं हजार यार्डांवर पाच इंच होणार. एक क्लिक फिरवून जुळत असेल तर फिरवा. क्लिकच्या मधेच अडकत असेल तर अ‍ॅपमध्ये झिरो ऑफसेटची सोय असते, तिथे तो फरक भरा.

झिरो केलं त्या दिवशीची हवाही अ‍ॅप विचारतं. नवशिक्यांना वाटतं की गाव बदललं की झिरो पुन्हा करावं लागेल. १०० यार्डांच्या झिरोला याची काळजी नको. वरच्या उदाहरणात समुद्रसपाटी आणि राटन यांत १०० यार्डांवर पडणारा फरक एका मिलिमीटरच्याही आत आहे. झिरो २००-३०० यार्डांवर केलं असेल तर मात्र ती चौकट नीट भरा.

४. स्कोप खरंच तेवढा फिरतो का?

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. टरेटवर १० मिल फिरवलं म्हणजे आत काचा तेवढ्याच हलल्या असं नाही.

१०० यार्डांवर उंच पुठ्ठा लावा. अंतर अंदाजाने नको, मोजून घ्या. ओळंब्याने पुठ्ठ्यावर सरळ उभी रेघ ओढा. खाली एक ठिपका काढा, त्यावर नेम धरून पाच गोळ्या मारा. टरेट १० मिल वर फिरवा, नेम त्याच खालच्या ठिपक्यावर, पुन्हा पाच गोळ्या. दोन्ही समूहांच्या मध्यांमधलं अंतर ३६ इंच यायला हवं. ३५.३ आलं तर तुमचा स्कोप २ टक्के कमी फिरतो आहे, आणि हजार यार्डांवर तेच सहा इंच होतात. अ‍ॅपमध्ये ही टक्केवारी भरायची जागा असते. वरचा समूह रेघेपासून बाजूला सरकला असेल तर स्कोप तिरका बसलाय. तो सरळ करूनच पुढे जा.

५. गोळीचा वेग

खोक्यावरचा वेग कंपनीच्या चाचणी नळीतला असतो, साधारणपणे २४ इंचांच्या. तुमची नळी २० इंचांची असेल तर दर इंचामागे २० ते ३० फूट प्रति सेकंद कमी धरावे लागतात. तोही अंदाजच. हजार यार्डांवर २५ फूट प्रति सेकंदाची चूक म्हणजे सात इंचांच्या आसपास. म्हणून वेग स्वतः मोजायचा.

निदान दहा गोळ्या मोजा आणि सरासरी भरा. सगळ्यात जास्त आलेला आकडा भरायचा मोह होतो. तो आवरा. प्रकाशावर चालणारा जुना क्रोनोग्राफ नळीच्या तोंडापासून १०-१५ फुटांवर ठेवलेला असतो, त्यामुळे तो पाच-सात फूट प्रति सेकंद कमी दाखवतो. ते अंतर अ‍ॅपमध्ये भरायची सोय असेल तर भरा. रडारवाले बहुधा तोंडाजवळचा वेग काढून देतात. नळीला बांधायच्या प्रकाराने वेग बरोबर मिळतो, पण तो बांधलेला असताना झिरो तपासू नका. नळीवर वजन लटकलं की गोळी दुसरीकडे जाते.

वेगासोबत त्या दिवशीचं तापमान लिहून ठेवा. काही पावडरींचा वेग तापमानाच्या दर अंश फॅरनहाइटला एक फूट प्रति सेकंदाच्या आसपास बदलतो. जानेवारीत ४५ अंशांत मोजलेला वेग जुलैच्या ९५ अंशांत राहत नाही. थंडीत एकदा आणि उन्हाळ्यात एकदा मोजलंत की दोन्ही आकडे अ‍ॅपच्या तक्त्यात भरता येतात. काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. तेव्हा हवेचं तापमान आणि पावडरीचं तापमान यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही.

नळी नवी असेल तर पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत वेग वाढू शकतो. तेवढ्या झाल्या की पुन्हा मोजा. काडतुसांचा लॉट बदलला तरी पुन्हा मोजा.

६. बीसी: जी१ की जी७?

बीसी, म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशंट, ही गोळी हवेला किती दाद देत नाही याची मोजणी. पण ती कुठल्यातरी नमुना गोळीशी तुलना करून काढलेली असते. जी१ हा नमुना जुन्या धाटणीच्या, सपाट बुडाच्या, आखूड नाकाच्या गोळीचा. जी७ हा लांब निमुळत्या, मागे बारीक होत जाणाऱ्या गोळीचा. आपण लांब पल्ल्याला वापरतो त्या गोळ्या दिसायला जी७ च्या जवळच्या. एकाच गोळीचे हे दोन आकडे पूर्ण वेगळे असतात. आपल्या उदाहरणातल्या हॉर्नडीच्या गोळीचा जी१ आहे ०.६४६ आणि जी७ आहे ०.३२६.

भाच्याची चूक इथे होती. त्याने खोक्यावरचा मोठा आकडा बघितला, ०.६४६, आणि अ‍ॅपमध्ये जी७ निवडलेलं होतं तिथे तो भरला. अ‍ॅपला वाटलं की गोळी हवेतून जवळजवळ दुप्पट सहज जाते. समुद्रसपाटीला हजार यार्डांसाठी ८.७५ मिल लागतात तिथे ही भरणी ६.८ सांगते. दोन मिलचा फरक, म्हणजे ७० इंच. डेन्व्हरच्या हवेत आकडे थोडे वेगळे, पण प्रकार तोच. त्याच्या गोळ्या पत्र्याच्या पुढ्यातच मातीत घुसत होत्या. मी त्याला फक्त एवढंच विचारलं, "खोक्यावर आकड्याच्या शेजारी काय लिहिलंय ते वाच." तो थोडा वेळ गप्प झाला, मग म्हणाला, "मामा, जी१ लिहिलंय."

लांब निमुळत्या गोळीला जी७ वापरा. जी१ चा आकडा वेगाप्रमाणे बराच बदलतो, म्हणून काही कंपन्या वेगवेगळ्या वेगांना वेगवेगळे जी१ देतात. जी७ त्यामानाने स्थिर राहतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये त्या विशिष्ट गोळीचा मोजलेला ड्रॅग कर्व्ह, म्हणजे कुठल्या वेगाला हवा तिला किती अडवते याचा आलेख, असेल (४डीओएफ त्याच तत्त्वावर चालतं) तर बीसीच्या भानगडीत न पडता यादीतून गोळी निवडा. निवडताना वजन आणि पूर्ण नाव दोन्ही जुळवा. १४० आणि १४७ ग्रेनच्या गोळ्या यादीत एकाखाली एक असतात आणि बोट चुकतं.

७. हवा: दाब, उंची, तापमान

आता राटनची गोष्ट. हवामान अ‍ॅप, बातम्या, विमानतळ, सगळे हवेचा दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. नकाशावर सगळी गावं एकमेकांशी ताडून बघता यावीत, हा त्यामागचा हेतू. म्हणून ह्युस्टनला ३०.१ दिसतो आणि राटनलाही ३०.१ दिसू शकतो. पण राटनच्या हवेत खरा दाब साडेतेवीस इंच पाऱ्याच्या आसपास असतो. लेहला गेलेल्यांना आठवत असेल, कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. कारण हेच, वर हवेचा दाब कमी. गोळीला ही विरळ हवा कमी अडवते.

कॅल्क्युलेटरला हवा असतो तो त्या जागचा खरा दाब, ज्याला स्टेशन प्रेशर म्हणतात. आपल्या उदाहरणात, तापमान तेच धरलं तर, समुद्रसपाटीच्या दाबाला उत्तर येतं ८.७५ मिल आणि राटनच्या खऱ्या दाबाला ७.८. फरक साधारण ३४ इंचांचा. शेजारच्या गृहस्थांनी सांगितलेला तो एक यार्ड हाच.

भरण्याच्या रीती दोनच आहेत:

पहिली: स्टेशन प्रेशर थेट मोजा आणि भरा. मग उंचीची चौकट मोकळी सोडा किंवा अ‍ॅप सांगेल तसं शून्य ठेवा. केस्ट्रेल हे सरळ दाखवतं. जुन्या केस्ट्रेलमध्ये बॅरोमीटरच्या पडद्यावर संदर्भ उंची शून्य करावी लागते, नाहीतर तेही समुद्रसपाटीचाच दाब दाखवतं. वापरलेलं यंत्र विकत घेतलं असेल तर हे पहिल्याच दिवशी तपासा.

दुसरी: हवामान अ‍ॅपमधला दाब भरा, त्यासोबत जागेची उंची भरा, आणि हा दाब समुद्रसपाटीचा आहे असं सांगणारी खूण करा.

या दोन्ही मिसळू नका. स्टेशन प्रेशरही भरलं आणि वर उंचीही भरली तर काही अ‍ॅप उंचीची वजाबाकी दोनदा करतात. मग गोळी खाली जाते आणि माणूस बिचारा वेगात चूक शोधत बसतो.

पडताळा सोपा आहे. दर हजार फुटांना दाब साधारण एक इंच पाऱ्याने उतरतो, जास्त उंचीवर त्याहून थोडा कमी. पाच हजार फुटांवर २५ च्या आसपासचा आकडा दिसायला हवा. ३० दिसला तर हात थांबवा. एक इंच पाऱ्याची चूक म्हणजे हजार यार्डांवर पाच इंच.

तापमानाच्या २० अंश फॅरनहाइट चुकीने चार-पाच इंच जातात. यंत्र सावलीत धरा आणि स्थिर होऊ द्या. तापलेल्या गाडीतून काढून लगेच वाचलेला आकडा गाडीचा असतो.

आर्द्रतेची मात्र फार चिंता करू नका. दमट हवा जड असते असं आपल्याला वाटतं, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. त्यामुळे दमट दिवशी गोळी किंचित वरच लागते. ह्युस्टनच्या ऑगस्टमध्येसुद्धा हा फरक हजार यार्डांवर तीन इंचांच्या आत राहतो. ५० टक्के भरून ठेवलंत तरी चालेल.

८. अंतर आणि उतार

रेंजफाइंडर पत्र्याऐवजी मागच्या टेकडीचं किंवा पुढच्या झुडपाचं अंतर पकडतो. तीन-चार वेळा मोजा, आजूबाजूच्या वस्तूही मोजून बघा. हजार यार्डांच्या आसपास गोळी तीव्र कोनात उतरत असते, म्हणून दहा-पंधरा यार्डांची चूकही पत्रा चुकवायला पुरते.

डोंगराळ रेंजवर कोनाची चौकट भरा. नेम चढावर असो की उतारावर, दुरुस्ती केली नाही तर दोन्ही वेळा गोळी वर जाते. चार-पाच अंशांपर्यंत विशेष फरक पडत नाही, वीस अंशांना चांगलाच पडतो. रेंजफाइंडर कोन धरून कमी केलेलं अंतर दाखवत असेल तर तेच अंतर आणि पुन्हा कोन, असं दोन्ही अ‍ॅपमध्ये भरू नका.

९. वारा

दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. घड्याळाचा काटा मनात धरा, टार्गेट बाराला. तीनचा वारा म्हणजे बरोबर उजवीकडून. काही अ‍ॅप नेमाच्या सापेक्ष दिशा घेतात, काही होकायंत्राची. होकायंत्राची असेल तर नेमाची दिशाही भरावी लागते. ती न भरता वायव्येचा वारा टाकलात तर उत्तराला काही अर्थ राहत नाही.

ताशी १० मैलांचा पूर्ण आडवा वारा आपल्या उदाहरणातल्या गोळीला समुद्रसपाटीला १.९ मिल, म्हणजे ६८ इंच ढकलतो. एका मैलामागे सात इंच. वाऱ्याचा अंदाज दोन मैलांनी चुकणं अनुभवी माणसालाही चुकत नाही, म्हणून इथे दशांशात खेळू नका. अ‍ॅपमध्ये ताशी १० मैल भरून त्या अंतराचं उत्तर पाठ करा आणि प्रत्यक्ष वाऱ्याप्रमाणे मनातल्या मनात त्याचे भाग पाडा. पंचेचाळीस अंशांच्या वाऱ्याला सात दशांश, तीस अंशांच्या वाऱ्याला अर्धं.

१०. स्पिन ड्रिफ्ट आणि पृथ्वीचं फिरणं

उजव्या पेचाची गोळी हळूहळू उजवीकडे सरकते, हजार यार्डांवर सहा ते आठ इंच. हे चालू ठेवा. ट्विस्ट, गोळीची लांबी आणि वजन बरोबर भरलेलं असेल तर बाकीचं अ‍ॅप बघून घेतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम त्याच अंतरावर दोन-तीन इंचांचा. पहिल्या वर्षी तो बंद ठेवलात तरी चालेल.

११. ट्रूइंग, आणि ते शेवटी का

प्रत्यक्ष मार आणि अ‍ॅपचं उत्तर यांत उरलेला छोटा फरक मिटवण्यासाठी अ‍ॅपमध्ये ट्रूइंगची सोय असते. हजार यार्डांवर खरोखर किती मिल लागले ते सांगितलं की अ‍ॅप वेग किंवा बीसी बदलून उत्तर जुळवून देतं. सगळ्यात जास्त नुकसान याच बटणाने होतं. राटनला त्या दिवशी मीही ते दाबायला निघालो होतो. दाबलं असतं तर अ‍ॅपने माझा वेग भलताच वाढवून दाखवला असता, राटनला गोळ्या पत्र्यावर लागल्या असत्या, आणि ह्युस्टनला परतल्यावर सगळ्या खाली गेल्या असत्या.

म्हणून वरच्या सगळ्या चौकटी तपासल्याशिवाय ट्रूइंग नाही. वारा कमी असलेल्या सकाळी ६०० ते ८०० यार्डांवर, मोजून खात्री केलेल्या अंतरावर, पाच-सात गोळ्या मारून त्यांच्या मध्यावरून आधी वेग जुळवा. बीसी किंवा ड्रॅगची दुरुस्ती त्यानंतर, आणखी लांबून, गोळीचा वेग ध्वनीच्या जवळ येऊ लागतो त्या पल्ल्यावर. अ‍ॅपने वेगात १०-१५ फूट प्रति सेकंदांचा बदल सुचवला तर स्वीकारा. ६० सुचवला तर स्वीकारू नका, आधीची एखादी चौकट चुकली आहे. मी अशा वेळी याच क्रमाने शोधतो: बीसीचा प्रकार, दाब, एककं, अंतर, झिरो, स्कोप. बहुतेक वेळा पहिल्या तिघांतच सापडतं.

त्या दुपारी मी दाबाची चौकट दुरुस्त केली, ७.८ फिरवलं आणि वारा थोडा पडायची वाट पाहिली. हजार यार्डांवर गोळी जायला जेमतेम दीड सेकंद आणि आवाज परत यायला पावणेतीन. ट्रिगर दाबल्यावर चार सेकंदांनी पत्र्याचा ठण्ण आवाज आला.

१२. वहीत काय लिहायचं

फोन उन्हात तापून बंद पडतो, बॅटरी संपते. म्हणून निघण्याआधी घरी १०० ते १,००० यार्डांचा तक्ता कागदावर उतरवा आणि त्याच्या डोक्यावर तो कुठल्या हवेसाठी आहे ते लिहा: स्टेशन प्रेशर, तापमान, वेग. हे तीन आकडे नसलेला तक्ता सहा महिन्यांनी बघितला तर तो कुठला होता ते कळत नाही. माझ्याकडे असे दोन तक्ते आहेत, एकावर ३०.० आणि दुसऱ्यावर २३.५, आणि दोन्ही रायफलच्या पिशवीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात.

रेंजवर प्रत्येक अंतराला अ‍ॅपने काय सांगितलं आणि प्रत्यक्षात काय लागलं हे शेजारी शेजारी लिहा. काडतुसांचा लॉट नंबर पानाच्या कोपऱ्यात. अ‍ॅप अपडेट झालं की तुमचं रायफलचं प्रोफाइल उघडून स्कोपची उंची, जी७ आणि दाबाची खूण जागेवर आहेत ना, एवढं बघून घ्या.